लीन, निसरणी आणि आश्रय: एका इंग्रजी शब्दाचं गणगोत

इंग्रजीतला ‘लीन’ हा आपल्या ‘लीन’वरूनच निघाला, असं वडोदऱ्याच्या मराठी घरांत मी पुष्कळदा ऐकलं आहे. नातवंडांचा इंग्रजीचा अभ्यास घेणारे आजोबा सांगतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले काका सांगतात. युक्तिवाद सरळ असतो. लीन म्हणजे नम्र, नम्र माणूस वाकतो, इंग्रजी लीनचा अर्थही झुकणं, शिवाय उच्चार तोच. मग आणखी पुरावा कशाला हवा? सांगणाऱ्याचा संस्कृतवर जीव असतो आणि तो मला मनापासून आवडतो. पण ही व्युत्पत्ती चुकीची आहे. हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची: या खोट्या नात्याच्या नादात खरं नातं नजरेआड होतं. इंग्रजी लीनचं संस्कृतशी नातं आहे आणि ते चांगलं सख्खं आहे. त्याचा संस्कृतातला भाऊबंद म्हणजे ‘आश्रय’.

आधी या शब्दाचे इंग्रजीतले अर्थ नीट पाहून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट त्यांवरच उभी आहे.

मुळात दोन अर्थ आहेत आणि ते एकमेकांना लागून आहेत. पहिला, उभ्या रेषेतून एका बाजूला कलणं. इटलीतला पिसाचा मनोरा या अर्थानं ‘लीन’ करतो. ११७३ मध्ये तो बांधायला घेतला आणि खालची जमीन मऊ असल्यामुळे बांधकाम चालू असतानाच कलू लागला. तो कशालाही टेकलेला नाही, नुसता कललेला आहे. दुसरा अर्थ टेकण्याचा, म्हणजे आपला भार दुसऱ्या कशावर तरी सोडण्याचा. सायकल भिंतीला लावून ठेवली, माणूस लोडाला रेलून बसला, बाईंनी खिडकीच्या कठड्यावर कोपर टेकलं, हे सगळं इंग्रजीत लीनच. मराठीनं ही दोन कामं वेगवेगळ्या क्रियापदांकडे दिली आहेत: कलणं आणि झुकणं एकीकडे, टेकणं आणि रेलणं दुसरीकडे. मुलं भाषांतर करताना इथेच अडखळतात आणि ‘तो भिंतीवर झुकला’ असं लिहून मोकळी होतात. मराठी माणूस भिंतीला टेकतो.

या दोन अर्थांतून बाकीचे फुटले. एखाद्याच्या भरवशावर राहणं म्हणजे त्याच्यावर ‘लीन ऑन’ करणं. गंमत अशी की त्याच शब्दांनी एखाद्यावर दडपण आणणंही सांगता येतं. भार टाकणारा लाचार आहे की दांडगा आहे, त्यावर अर्थ ठरतो. मताचा कल सांगताना ‘लीन टुवर्ड्स’ म्हणतात, आणि कुणाचे राजकीय झुकाव कुठे आहेत हे सांगायला ‘लीनिंग्ज’. घराच्या भिंतीला टेकवून काढलेल्या एकपाखी छपराला इंग्रजीत ‘लीन-टू’ म्हणतात; आपल्याकडे त्याला पडवी म्हणतात. भूतकाळाचं रूप अमेरिकेत ‘लीन्ड’, आणि ब्रिटनमध्ये त्याच्या जोडीला ‘लेन्ट’ही चालतं.

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, काम करणाऱ्यांना आणखी एक लीन रोज भेटतो: ‘लीन मॅन्युफॅक्चरिंग’. जिममध्ये जाणाऱ्यांना ‘लीन प्रोटीन’ माहीत असतं. हा लीन म्हणजे सडपातळ, चरबी नसलेला. जपानी मोटार कारखान्यांच्या, मुख्यतः टोयोटाच्या, काटकसरी उत्पादनपद्धतीला जॉन क्राफ्चिक यांनी १९८८ मधल्या एका लेखात ‘लीन’ हे विशेषण लावलं, आणि तिथून ते जगभरच्या कारखान्यांत गेलं. पण या लीनचं जुन्या इंग्रजीतलं रूप वेगळं होतं आणि शब्दकोश त्याची नोंद स्वतंत्र करतात. दोन वेगळे शब्द शतकानुशतकं झिजत झिजत एकाच उच्चाराला येऊन थांबले. इथे त्याचा विषय संपला.

आता आपला लीन. हा ‘ली’ धातूपासून आला. पाणिनीय धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, त्याची नोंद ‘लीङ् श्लेषणे’ अशी आहे, आणि श्लेषण म्हणजे चिकटणं, जडणं. याच धातूचे लय, प्रलय, तल्लीन, विलीन. आलयही याचाच, म्हणजे जिथे स्थिरावून राहायचं ती जागा. हिमालयात तोच आहे. कीर्तनात तल्लीन झालेला श्रोता कुठे वाकलेला नसतो, तो त्या रसात विरघळलेला असतो. नम्र माणसाला लीन म्हणतात ते त्याचा अहंकार असाच विरघळला म्हणून. वडोदरेकरांना तर या धातूची ओळख करून द्यायलाच नको. १ मे १९४९ रोजी बडोदा संस्थानाचं मुंबई राज्यात विलीनीकरण झालं. त्या एका सरकारी शब्दात ‘ली’ आहे. विलीन झालेलं संस्थान कुणाला टेकून उभं राहिलं नाही, ते मिसळून गेलं.

म्हणजे अर्थाची बाजू पहिल्याच पायरीवर लंगडी पडते. पण त्याहून मोठी अडचण आवाजाची आहे.

आज कानाला जो ‘लीन’ ऐकू येतो, तो हजार वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये कुणी म्हणत नव्हतं. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद ‘ह्लिनियन’ किंवा ‘ह्लेओनियन’ असं होतं. सुरुवातीला ‘ह’ होता. तो पुढे गळला, आणि फक्त याच शब्दातून गळला असंही नाही. ल, र, न यांच्या आधी बसलेला ‘ह’ इंग्रजीनं सरसकट टाकून दिला. पावाला ‘ह्लाफ’ म्हणत, त्याचं ‘लोफ’ झालं. अंगठी ‘ह्रिंग’ होती, ती ‘रिंग’ झाली. ‘ह्लूद’चं ‘लाउड’ झालं. तेव्हा नातं तपासायचं तर ते ‘लीन’चं तपासून चालणार नाही, ‘ह्लिनियन’चं तपासायला हवं. दोन शब्द आज सारखे ऐकू येतात, एवढ्यावरून त्यांची सोयरीक जुळत नाही. ते पूर्वी कसे होते आणि त्यांच्यातला फरक नियमानं पडला आहे का, हे पाहावं लागतं.

हा नियम कसा सापडला, ती हकीकत मोठी आहे, थोडक्यात सांगतो. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे बोलताना विल्यम जोन्स यांनी म्हटलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगानं आलेलं असणं शक्य नाही. त्या एखाद्या समान उगमातून निघाल्या असाव्यात, आणि तो उगम कदाचित आता शिल्लकही नसेल. पुढे १८१८ मध्ये डेन्मार्कच्या रास्मुस रास्क यांनी आणि १८२२ मध्ये जर्मनीच्या याकोब ग्रिम यांनी दाखवून दिलं की या भाषांमधले फरकसुद्धा शिस्तीत पडले आहेत. ठरावीक ठिकाणी संस्कृतात ‘श’ दिसला की ग्रीक-लॅटिनमध्ये ‘क’ दिसतो आणि इंग्रजी-जर्मनच्या शाखेत ‘ह’. संस्कृत शत, लॅटिन केंटुम, इंग्रजी हंड्रेड. संस्कृत श्वन् म्हणजे कुत्रा, ग्रीक क्युऑन, इंग्रजी हाउंड. अशी उदाहरणं पुरेशी जमली की ती निव्वळ गंमत उरत नाही, तो नियम होतो. आणि नियम हाती आला की अंदाज बांधून तो तपासता येतो.

वडोदऱ्यात हीच रीत एका वेगळ्या कामासाठी वापरली गेली आहे. इथल्या प्राच्यविद्या मंदिरानं वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत प्रसिद्ध केली. हस्तलिखितं वेगवेगळ्या प्रांतांतली, वेगवेगळ्या लिप्यांतली, आणि मूळ प्रत कुणाकडेच नाही. अशा वेळी पाठ शेजारी ठेवून ते कसकसे बदलत गेले हे पाहायचं आणि त्यावरून जुना पाठ ठरवायचा. भाषाशास्त्रज्ञ शब्दांच्या बाबतीत नेमकं हेच करतात. हरवलेल्या मूळ भाषेतला शब्द त्यांनी कुठे लिहिलेला पाहिलेला नसतो. तो वारसांकडून मागे जात मांडलेला असतो, म्हणून त्याच्या आधी फुलीसारखी एक तारका काढतात.

आता ‘ह्लि’ला नियम लावून पाहा. इंग्रजीकडे ‘ह्ल’, म्हणजे ग्रीककडे ‘क्ल’ हवा आणि संस्कृतकडे ‘श्ल’ किंवा ‘श्र’. यातला ‘र’ कुठून आला, असं कुणी विचारेल. संस्कृतात जुन्या ‘ल’च्या जागी पुष्कळदा ‘र’ येतो. ऐकणं या अर्थाच्या ‘श्रु’ धातूत हे स्वच्छ दिसतं: संस्कृत श्रुत, ग्रीक क्लुतोस, जुनं इंग्रजी ह्लूद, आजचं लाउड. आपण जिला श्रुती म्हणतो ती आणि इंग्रजीतला मोठ्या आवाजाचा लाउड, ही एकाच मुळाची पानं आहेत. मग श्रु, क्लु, ह्लू या ओळीच्या शेजारी श्रि, क्लि, ह्लि ही ओळ मांडली की संस्कृतातला ‘श्रि’ धातू आपोआप समोर येतो.

या ‘श्रि’चा जुना अर्थ टेकणं, टेकवणं. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या तेराव्या सूक्तात यज्ञशाळेच्या दारांना ‘वि श्रयन्ताम्’ अशी विनवणी आहे: दारांनो, उघडा, दोन्ही बाजूंना रेलून उभ्या राहा. धातुपाठात मात्र ‘श्रिञ् सेवायाम्’ अशी नोंद आहे, म्हणजे सेवा करणं. मला ही नोंद फार बोलकी वाटते. टेकण्यापासून आधारापर्यंत आणि आधारापासून ज्याचा आधार घेतला त्याच्या सेवेपर्यंत अर्थ कसा चालत गेला, ते तिच्यात दिसतं.

या धातूचे शब्द आपल्या तोंडात इतके रुळले आहेत की त्यांत ‘टेकणं’ दडलं आहे हे लक्षातच येत नाही. आश्रय म्हणजे जिथे टेकता येतं ती जागा. आश्रित म्हणजे टेकलेला. निराश्रित म्हणजे ज्याला टेकायला काही उरलं नाही असा. कौटिल्यानं परराष्ट्रनीतीचे जे सहा उपाय सांगितले, त्यांतला ‘संश्रय’ हाच: दुबळ्या राजानं बलवानाच्या आधाराला जाणं. जुन्या शहराच्या पोळांमध्ये, म्हणजे गल्लीबोळांच्या वस्त्यांत, हिंडताना जैन साधूंच्या मुक्कामाच्या जागेवर ‘उपाश्रय’ अशी पाटी दिसते. ‘उप’ आणि ‘आ’ हे दोन उपसर्ग लागलेला तोच श्रि. इथे एक सावधगिरी. ‘आश्रम’ याच कुळातला वाटतो, पण तो श्रम या धातूचा आहे. एका अक्षराचा फरक आणि घराणंच वेगळं.

आणि मग ‘राजाश्रय’. वडोदऱ्याचा इतिहास या शब्दाशिवाय सांगताच येत नाही. सयाजीराव गायकवाडांच्या दरबारासाठी राजा रविवर्म्यांनी चित्रं काढली, फैयाज खाँसाहेब इथले दरबारी गवई होते. भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. पण तेच आंबेडकर १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी वडोदऱ्यात आले तेव्हा या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत उतरले होते, तिथून जात कळल्यावर त्यांना बाहेर काढलं गेलं. मग कमाटीबागेत काही तास बसून काढले आणि मुंबईची गाडी धरली. राजाश्रय मिळालेला माणूस त्याच राजाच्या शहरात निराश्रित झाला. या दोन्ही शब्दांत ‘श्रि’ आहे, म्हणून हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

आता शिडीकडे येऊ, कारण या कुळातली सगळ्यांत देखणी गोष्ट तीच आहे. इंग्रजी ‘लॅडर’ जुन्या इंग्रजीत ‘ह्लॅडर’ होता, म्हणजे ‘ह्लिनियन’च्याच घरातला. शिडी स्वतःच्या बळावर उभी राहत नाही, ती कशाला तरी टेकवावी लागते, म्हणून टेकण्यावरून नाव पडलं. जर्मनमध्ये ‘लायटर’, तोही याचाच. ग्रीकमध्ये शिडीला ‘क्लीमॅक्स’ म्हणत, आणि क्लीमॅक्समधला ‘क्ली’ हा टेकणं-कलणं या अर्थाच्या ‘क्लीनेइन’ क्रियापदातला आहे. संस्कृतात शिडीसाठी ‘निःश्रयणी’ असा शब्द आहे. त्यातला ‘श्रि’ वेगळा दाखवायला नको. आणि या निःश्रयणीचा वारस आपण वडोदऱ्यात दर उत्तरायणाला, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीला, हाक मारून मागतो: “अरे, ती निसरणी आण रे, टाकीवर चढायचंय!” गुजराती निसरणी ऐकली की मराठी मनाला निसरडं आठवतं आणि ती घसरायची वस्तू वाटते, पण मुळात ती टेकायची वस्तू आहे. कोकणीत शिडीला ‘निसण’ म्हणतात, तीही हीच. म्हणजे पतंगासाठी गच्चीवर लावलेली निसरणी, लंडनच्या रंगाऱ्याची लॅडर आणि अथेन्सच्या गवंड्याचा क्लीमॅक्स या तिघांना नावं देणाऱ्यांनी एकमेकांना विचारलं नव्हतं. त्यांच्याकडे धातू एक होता, आणि शिडीकडे पाहिल्यावर सगळ्यांना पहिल्यांदा दिसलं ते तिचं टेकणं.

ग्रीक क्लीमॅक्सचा पुढचा प्रवासही सांगण्याजोगा आहे. वक्तृत्वशास्त्रात आधीच्या वाक्याच्या शेवटावर पाय देऊन पुढचं वाक्य एक पायरी वर चढवण्याच्या रचनेला हे नाव मिळालं. सगळ्यांत वरच्या पायरीला, म्हणजे परमोच्च बिंदूला, क्लायमॅक्स म्हणणं नंतरचं. आज सिनेमाच्या शेवटच्या हाणामारीला आपण क्लायमॅक्स म्हणतो, तेव्हा शिडीची फक्त वरची पायरी हातात उरलेली असते.

क्लीनेइनची बाकी मुलं भराभर पाहून घेऊ. ‘क्लीने’ म्हणजे पलंग, रेलायची जागा. पलंगाशेजारी येऊन रोगी तपासणारा वैद्य तो ‘क्लीनिकोस’, त्यावरून क्लिनिक. लॅटिनमधून इंग्रजीत आलेले ‘इन्क्लाइन’, ‘डिक्लाइन’, ‘रिक्लाइन’ हे याच धातूचे. रावपुऱ्यातल्या फर्निचरच्या दुकानात मिळणारा रिक्लायनरही.

‘क्लायमेट’वर मात्र थांबायला हवं. ग्रीक ‘क्लीमा’ म्हणजे उतार, कल. ग्रीक भूगोलकारांनी पृथ्वीचे आडवे पट्टे पाडले, त्यांना क्लीमा म्हटलं, आणि टॉलेमीनं ते वर्षातला सगळ्यांत मोठा दिवस किती तासांचा यावरून मोजले. विषुववृत्तापासून जितकं दूर जावं तितका सूर्य कललेला दिसतो आणि उन्हाळ्यातला दिवस लांबतो. वडोदरा सुमारे २२.३ उत्तर अक्षांशावर आहे, कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला; इथला मोठ्यात मोठा दिवस साडेतेरा तासांच्या आसपास भरतो. जूनच्या सुरुवातीला आणि पुन्हा जुलैच्या पूर्वार्धात इथे सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तर डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम ४४ अंश वर असतो. पट्ट्याचं नाव पुढे त्या पट्ट्यातल्या हवेला पडलं. हवामानाचा शब्द मुळात सूर्यकिरणांच्या कलण्याचा आहे, हे कळल्यापासून मला ऋतूंचा धडा शिकवणं सोपं जातं: किरण तिरपे पडले की तीच ऊब जास्त जागेवर पसरते आणि थंडी पडते.

इतकं वाचल्यावर चौकस वाचकाच्या मनात एक प्रश्न आलाच असेल. मराठीत ‘कल’ आहे, ‘कलणं’ आहे. मतमोजणीच्या दिवशी टीव्हीवर सकाळपासून ‘कल हाती आले’ चाललेलं असतं. ग्रीक क्लीनेइन आणि मराठी कलणं: अर्थ तोच, आवाजही तोच. हे तरी नातं खरं असेल ना? तर नियमाला विचारायचं. ग्रीकमधल्या या ‘क’च्या जागी संस्कृतात ‘श’ येतो, श्रिमध्ये आला तसा. मराठी कलणं ग्रीक क्लीनेइनचं भावंड असतं, तर त्याच्या तोंडाशी ‘श’ किंवा त्याचा झिजून झालेला ‘स’ दिसायला हवा होता, जसा निसरणीत दिसतो. तो नाही. तेव्हा हुबेहूब जुळणारं ‘कल’ नात्यातलं ठरत नाही, आणि जराही न जुळणारा ‘आश्रय’ सख्खा ठरतो. ज्यांना पहिल्यांदा हे पटत नाही, त्यांना मी शत आणि हंड्रेड पुन्हा म्हणायला सांगतो.

टेकण्याचा हा धातू शेवटी व्याकरणातही शिरला आहे. काही शब्द इतके हलके असतात की ते एकटे उच्चारता येत नाहीत, आधीच्या शब्दाला टेकूनच म्हणावे लागतात. ग्रीक वैयाकरणांनी त्यांना क्लीनेइनवरूनच नाव दिलं, आणि इंग्रजीत ते ‘एन्क्लिटिक’ झालं, म्हणजे टेकलेला शब्द. मराठीत असे शब्द आपण दिवसभर वापरतो. ‘मीच केलं’ मधला ‘च’ आणि ‘तोही आला’ मधला ‘ही’ हे तसे. ‘च’ला स्वतःचा आघात नाही, वाक्याच्या सुरुवातीला तो कधी येत नाही, आणि कुणी “काय म्हणालास?” असं विचारलं तर नुसतं “च” असं उत्तर देता येत नाही. तो मी, तू, आज, इथे, कुणालाही टेकतो. क्रियापदालाही टेकतो, ‘गेलाच’. ज्याला टेकेल त्यावर सगळं वजन टाकतो: ‘मीच आज गेलो’, ‘मी आजच गेलो’ आणि ‘मी आज गेलोच’ या तीन वाक्यांत बाकी काही बदललेलं नाही, फक्त ‘च’नं टेकायची जागा बदलली आहे.